राजाला क्लास लावायचा होता: इतर कुत्र्यांवर धावून जाणाऱ्या एका लॅब्रॅडॉरचं प्रकरण

माणसांची नावं घेतलेली नाहीत, कुत्र्यांची बदलली आहेत आणि गल्ली सांगत नाही. बाकी घडलं तसं लिहिलं आहे. मी जळगावात पशुवैद्यक आहे. या प्रकरणात माझ्याही दोन चुका आहेत, त्या ओघात येतील.

पार्श्वभूमी

राजा हा फिकट पिवळा लॅब्रॅडॉर, नर. एप्रिल २०२३ मध्ये, पन्नास दिवसांचा असताना घरी आला. घरात अण्णा (वय ६८, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर), मुलगा चटईच्या कारखान्यात सुपरवायझर, सूनबाई पतसंस्थेत, नातू सातवीत. कुत्रा हवा होता नातवाला, सांभाळायला लागले अण्णा. बहुतेक घरांत असंच होतं.

लसीकरणाला आणलं तेव्हा मी नेहमीचं वाक्य सांगितलं, ‘सगळे डोस होईपर्यंत बाहेर काढू नका.’ पार्व्हो या विषाणूच्या आजाराने पिल्लं पटापट दगावतात, त्या धास्तीने आम्ही बरेच जण हे सांगतो. अण्णांनी ते तिकिटाच्या नियमासारखं पाळलं. एप्रिल, मे, जून राजा गेटच्या आत. त्यात जळगावचा मे. सकाळी नऊनंतर माणूस बाहेर पडत नाही, तर पिल्लू कुठून पडणार! पिल्लाच्या आयुष्यात साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचे दिवस जगाशी ओळख करून घेण्याचे असतात. त्या दिवसांत जे निवांतपणे पाहिलं, हुंगलं, त्याचं पुढे सहसा भय वाटत नाही. राजाचे ते दिवस कूलरसमोर गेले. पिल्लू जमिनीवर न ठेवता कडेवर घेऊन चौकात दहा मिनिटं उभं राहता येतं. लस झालेल्या एखाद्या शांत कुत्र्याशी घरच्या घरी गाठ घालून देता येते. यातलं काहीही मी तेव्हा सांगितलं नाही. माझी पहिली चूक ती.

ऑक्टोबर २०२३ मध्ये, राजा आठ महिन्यांचा असताना, गल्लीच्या टोकाला तीन भटक्या कुत्र्यांनी त्याला घेरलं. जखम मोठी नव्हती, मागच्या पायाला दोन दात लागले होते. पण तो साखळीला बांधलेला. पळता येईना, आणि अण्णा घाबरून साखळी आणखी आखडत राहिले. त्या दिवसापासून लांबवर कुत्रं दिसलं तरी राजा मागच्या दोन पायांवर उभा राहून भुंकायला लागला.

नेमकी अडचण

जानेवारी २०२४ पर्यंत राजा एकतीस किलोचा झाला होता. एका संध्याकाळी वहिनी (अण्णांच्या सूनबाईंना मी वहिनी म्हणतो) त्याला घेऊन किराणा दुकानापाशी उभ्या होत्या. समोरून एक माणूस पॉमेरियन घेऊन आला. राजाने हिसडा दिला, वहिनी पालथ्या पडल्या, दोन्ही कोपरं सोलली. तीन दिवसांनी तसाच प्रसंग पुन्हा आला. मुलाने त्याला गळपट्ट्याला धरून मागे ओढलं, तर राजा वळला आणि मुलाच्याच मांडीला दात लागले. राजाला त्याला चावायचं नव्हतं. भडकलेल्या कुत्र्याच्या तोंडाशी त्या क्षणी जे येतं, त्यावर तो दात मारतो. तरी दात तो दातच. मुलाने नळाखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुतली आणि जिल्हा रुग्णालयात जाऊन लसीचा पहिला डोस घेतला. राजाची रेबीजची लस झालेली होती. तरीही हे केलं, आणि ते बरोबरच केलं.

अण्णांनी अडचण एका वाक्यात मांडली होती. ‘डॉक्टर, माणसं चालतात, मांजर चालते, पोळ्याचे बैल गेले तरी चालतं. फक्त कुत्रं नको.’

याच सुमारास घरी दूध घालायला येणारा एरंडोलकडचा गडी गेटात उभं राहून म्हणाला होता, ‘भाऊ, हाऊ कुत्रा भांडखोर नही शे, घाबरेल शे.’ म्हणजे भांडखोर नाही, घाबरलेला आहे. कोणी लक्ष दिलं नाही. मला हे पुष्कळ नंतर कळलं. निदान त्याने आमच्या सगळ्यांच्या आधी केलं होतं, तेही फुकट.

मांडीच्या प्रकरणानंतर राजाला दवाखान्यात आणलं. बाहेर आणखी दोन कुत्री बसलेली. राजाचं तोंड पट्टीने बांधलेलं, तो थरथरतोय, भुंकतोय. मी पाच मिनिटांत वरवर तपासलं, नसबंदी सुचवली आणि सांगितलं, ‘याला चांगला क्लास लावा.’ नसबंदीने भटकणं, जागोजागी लघवी मारणं कमी होऊ शकतं, पण भीतीपोटी चाललेलं भुंकणं त्याने जाईलच असं नाही. हे मला ठाऊक होतं. बाहेर गर्दी होती, म्हणून सोपं ते सांगून मोकळा झालो.

क्लासचा शोध

पुढचे दोन महिने शोधात गेले. आमच्याकडे अजूनही गाई-म्हशी, शेळ्या-बैल हेच मुख्य. घरात पाळलेल्या कुत्र्यांचा राबता दवाखान्यात वाढला तो गेल्या दहा-पंधरा वर्षांत, आणि शिकवणारी माणसं त्या मानाने वाढली नाहीत. कुत्र्याला शिकवण्यासाठी आपल्याकडे परवाना लागत नाही, त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतो. ‘इतर कुत्र्यांवर भुंकणाऱ्या कुत्र्यांसाठी’ असा वेगळा वर्ग जळगाव, भुसावळ, धुळे या पट्ट्यात कुटुंबाला सापडला नाही. नाशिक अडीचशे किलोमीटर, पुणे त्याहून लांब. दर रविवारी जाऊन येण्यासारखं काहीच नव्हतं.

तरी समोर आलेले पर्याय कमी नव्हते. शेजाऱ्यांचं म्हणणं, कुत्रा मळ्यात नेऊन बांधा. वहिनी एकदा या मताला आल्या होत्या, आणि त्यांना त्याबद्दल कोणी बोल लावू नये. सोललेली कोपरं त्यांची होती. अण्णांनी ते धुडकावलं.

मुलाने महानगरपालिकेत अर्ज दिला की गल्लीतली भटकी कुत्री उचलून न्या. उत्तर मिळालं ते नियमाप्रमाणेच होतं. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण करून त्यांना उचललं त्याच जागी परत सोडायचं असतं. शिवाय जागा रिकामी झाली की शेजारच्या गल्लीतली कुत्री तिथे येतात, हे कुठल्याही सफाई कामगाराला विचारा.

तिसरा पर्याय हॉस्टेलचा. नाशिककडचा एक ट्रेनर पंचेचाळीस दिवस कुत्रा ठेवून घेणार आणि ‘शिकवून’ परत देणार. मुलाला हे पटलं होतं, पैसे भरायची तयारीही होती. मी यात दोन शंका काढल्या. पंचेचाळीस दिवस बंद दाराआड काय चालतं ते आपल्याला दिसणार नाही, आणि कुत्रा शिकेल ते त्या आवारात, त्या माणसाच्या हाताखाली. भीती मात्र आपल्या गल्लीच्या टोकाला बसलेली आहे. परत आल्यावर साखळी पुन्हा अण्णांच्याच हातात. मुलगा म्हणाला, ‘मग निदान तिकडचं बघून तरी येतो.’ त्याने फोन करून भेटायला येऊ का विचारलं, तर प्रशिक्षण चालू असताना मालकाला आत सोडत नाही असं सांगण्यात आलं. हा पर्याय तिथेच संपला.

राहिला शहरातल्या एका मैदानावरचा रविवारचा वर्ग.

मैदानावरचा एक रविवार

मार्च २०२४, सकाळी सात. आठ कुत्री गोल करून उभी, मधोमध शिकवणारे. राजा गाडीतून उतरला तोच भुंकत. एक कुत्रं लांबून दिसलं तरी ज्याचं भान हरपतं, त्याला आठ कुत्र्यांच्या रिंगणात उभं केलं, तर तो काय शिकणार? पाण्याला भिणाऱ्या पोराला मेहरूण तलावाच्या मधोमध नेऊन ‘हं, मार हात’ म्हणण्यातला हा प्रकार.

वीस मिनिटं हे चाललं. मग शिकवणाऱ्यांनी साखळी आपल्या हातात घेतली, गळ्याभोवती आवळणारा फास घातला आणि चार जोरदार हिसडे दिले. ‘तुम्ही त्याचे बॉस व्हा, तो तुमचा बॉस झालाय.’ राजा गप्प झाला. शेपूट पोटाखाली, कान मागे, नजर जमिनीवर. जमलेल्यांनी कौतुक केलं. मुलाने व्हिडिओ काढला आणि मला पाठवला: ‘डॉक्टर, पंधरा मिनिटांत सुधारला!’

तो व्हिडिओ मी तीनदा पाहिला. पहिल्यांदा मलाही बरं वाटलं होतं.

‘बॉस’ची ही कल्पना लांडग्यांवरून आली. १९४७ साली रुडॉल्फ शेंकेल यांनी पिंजऱ्यात कोंडलेल्या लांडग्यांचं निरीक्षण मांडलं आणि त्यातून वर्चस्वाच्या लढाईचं चित्र रूढ झालं. पुढे डेव्हिड मेक यांनी मोकळ्या रानातले कळप वर्षानुवर्षं पाहिले. रानातला कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, हे त्यांनी १९९९ साली लिहिलं. तोवर ‘बॉस’ हा शब्द मैदानामैदानावर पोचला होता, आणि अजून तिथेच आहे.

मंगळवारी अण्णांचा फोन आला. राजा गेटच्या बाहेर पाऊल टाकत नव्हता, अंगणातच सगळं उरकत होता. साखळीचा आवाज आला की पलंगाखाली. बुधवारी कोपऱ्यावर कुत्रं दिसलं, तर न भुंकता एकदम झेपावला. भुंकणं ही त्याची सूचना होती, ‘जवळ येऊ नका’ अशी. हिसड्यांनी सूचना बंद पडली होती, भीती जागच्या जागी होती.

या जागी कुटुंबाने ठरवलं की त्या मैदानावर परत जायचं नाही. मुलगा नाराज होता, कारण चार रविवारांचे पैसे आगाऊ भरलेले.

वेगळी वाट

माझ्या ओळखीतून पुण्यातल्या एका वर्तन सल्लागार बाईंशी व्हिडिओ कॉल ठरला. फोनवर कुत्रा कसा शिकणार, असं अण्णांना वाटत होतं. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘मी कुत्र्याला शिकवणार नाही, तुम्हाला शिकवणार.’ कुटुंबाने त्यांना काही गोष्टी आधीच विचारल्या. कुत्र्याने बरोबर केलं तर तुम्ही काय करता, चुकलं तर काय करता, गळ्यात काय घालायला सांगाल, आणि फरक पडला नाही तर पुढे काय? हेच प्रश्न आधी मैदानावर विचारले असते, तर तो रविवार वाचला असता. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तन संघटनेने कुत्र्यांना, आक्रमक कुत्र्यांनासुद्धा, बक्षीस देऊनच शिकवावं अशी भूमिका जाहीर केली. बाईंची पद्धत त्याच वळणाची होती.

त्यांनी आम्हाला वीस-वीस सेकंदांच्या चित्रफिती मागितल्या. त्यातली एक थांबवून विचारलं, ‘डोक्याकडे हात नेला की हा मान डावीकडून का काढून घेतो?’

दुसऱ्या दिवशी मी राजाला दुपारी दीडला बोलावलं. बाहेर एकही जनावर नाही, मागच्या दाराने आत, हलकी भूल देऊन. डावा कान आतून सुजलेला, तपकिरी मळ, वास. यीस्टचा जुना संसर्ग. लॅब्रॅडॉरच्या लोंबत्या कानांना हा त्रास पुष्कळदा होतो. हा कान दुखत असताना त्याच्या गळ्यात फास घालून हिसडे दिले गेले होते, आणि जानेवारीत हाच कान माझ्या हाताखालून गेला होता. माझी दुसरी चूक. चार आठवडे औषध चाललं. वागणं अचानक बदललेलं किंवा बिघडत चाललेलं कुत्रं आलं की दात, कान, सांधे, कातडी नीट बघितल्याशिवाय क्लासचं नाव काढायचं नाही, हा माझा स्वतःपुरता नियम तेव्हापासूनचा.

प्रत्यक्ष काय केलं

एप्रिलपासून गल्ली बंद. दोन आठवडे राजा गल्लीत पायी फिरायला गेलाच नाही. पहाटे पाचला मुलगा गाडीत घालून आसोदा रस्त्याला नातेवाइकांच्या केळीच्या बागेपर्यंत न्यायचा. बांधाच्या कडेने लांब दोरीवर अर्धा तास हुंगत फिरणं, बस. भडकणं रोज घडत राहिलं तर रोज पक्कं होत जातं, म्हणून आधी ते थांबवायचं. उन्हाळ्यात सात वाजता परत यायला लागायचं. डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघायची, आपल्याला सोसवेना तर कुत्र्यालाही नाही.

गळ्यातला फास काढून छातीला पुढे कडी असलेला हार्नेस आणला. मुसकं आणलं, तेव्हा अण्णा हसले. ‘खळ्यावर बैलांना घालायचो, आता कुत्र्याला.’ हे मुसकं टोपलीसारखं, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, खाऊही घेता येतो. कापडी, तोंड आवळणारं मुसकं आमच्या उन्हात जिवावर बेतू शकतं, कारण कुत्रा अंग थंड करतो तो मुख्यतः धापा टाकूनच. दहा दिवस मुसक्याच्या आत पनीर ठेवून राजाला स्वतःहून तोंड घालू दिलं, पट्टा आवळला तो अकराव्या दिवशी. एक फायदा कोणी धरला नव्हता. मुसकं बघून ‘चावका आहे का?’ म्हणत लोक आपण होऊन रस्त्याच्या पलीकडे जायला लागले.

पनीरचं कारण घर शाकाहारी. बाईंनी उकडलेलं चिकन सांगितलं होतं. त्यावर घरात बैठक झाली आणि पनीरवर एकमत झालं, अधूनमधून बिनमिठाचे भाजलेले शेंगदाणे. नातवाला शेवभाजीतली शेव द्यायची होती. ती नाही, तिच्या रश्श्यात कांदा-लसूण असतो आणि कुत्र्याला तो बाधतो.

मुख्य काम असं. कुत्रं इतक्या लांब असलं पाहिजे की राजाला दिसेल पण त्याचं डोकं फिरणार नाही. एप्रिलमध्ये हे अंतर साठ पावलं निघालं. त्या अंतरावर कुत्रं दिसलं, राजाने पाहिलं, की लगेच पनीर, आणि कुत्रं दिसेनासं होईपर्यंत तुकड्यामागून तुकडा. कुत्रं गेलं की पनीर बंद. राजाच्या डोक्यात हळूहळू ‘कुत्रं आलं, आता पनीर येणार’ असं बसायला हवं. सीमा ओळखायची खूण बाईंनी दाखवली. भुंकण्याच्या बऱ्याच आधी राजाचं हापणारं तोंड टपकन मिटतं. मग ओठ चाटतो, मग अंगाचा भार मागे जातो. तोंड मिटलं की वळायचं, वाट बघायची नाही. यासाठी ‘चल मागे’ म्हटलं की आनंदाने वळणं आधी घरातल्या हॉलमध्ये घोकलं, कुत्र्यांशिवाय, शेकडो वेळा.

अण्णांनी जुन्या सवयीने वही घातली. तारीख, वेळ, ठिकाण, कुत्र्याचा रंग, पावलं, भुंकला किंवा नाही. कंडक्टरने तिकिटांच्या हिशेबाचं वेबिल भरावं तशी. या वहीनेच एक घोळ पकडला. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वहिनी माहेरी गेल्या होत्या, मे महिन्याचा तो आठवडा अण्णा एकटेच फिरवत होते, आणि वहीत ‘भुंकला’ची रांग लागली. बाईंनी चित्रफीत मागितली. अण्णांना लांबून कुत्रं दिसायचं, ते घाईने खिशात हात घालायचे, पनीर राजाच्या नाकाशी धरायचे, आणि मग राजाला कुत्रं दिसायचं. क्रम उलटा झाला होता. पनीर आलं म्हणजे आता कुत्रं येणार, असं राजा शिकत होता. दोन दिवस तर तो रिकाम्या बांधावरसुद्धा पनीर बघून कान टवकारून चारी दिशांना पाहत होता. अण्णा ओशाळले. ‘आधी तिकीट, मग प्रवास, हेच आयुष्यभर केलं ना.’ इथे आधी कुत्रं, मग तिकीट. तीन आठवड्यांत गाडी रुळावर आली.

औषधाचा विषयही याच काळात निघाला. भीती कमी करणारी औषधं कुत्र्यांना देतात, त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. कानाचा ठणका गेल्यावर राजाची झोप सुधारली, म्हणून आम्ही ते पुढे ढकललं.

भटक्या कुत्र्यांचं काय

बाहेरदेशी लिहिलेल्या सूचनांत समोरचं कुत्रं नेहमी मालकाच्या हातात असतं. आमच्या गल्लीत साठ पावलांवरचं कुत्रं साठ पावलांवर थांबत नाही, ते बघायला येतं. यावर वहिनींनी आणि अण्णांनी बसून गल्लीचा नकाशा काढला. पाणपोईजवळ चार कुत्री, सकाळी सहानंतर जागी. हॉटेलच्या मागची दोन, रात्री अकरापर्यंत खरकट्यावर. पिठाच्या गिरणीपाशी एक पिल्लंवाली कुत्री, तिथे दोन महिने फिरकायचंच नाही. प्रत्येक टोळीची हद्द ठरलेली, आणि दोन हद्दींच्या मधे जागा असतात. नकाशावर अशा तीन गल्ल्या निघाल्या.

तरी एखादं कुत्रं अंगावर आलंच, तर वहिनींच्या खिशात भाकरीचा चुरा. मूठभर त्याच्या तोंडासमोर जमिनीवर फेकायचा आणि तो हुंगतो तोवर उलट्या दिशेने निघायचं. धावायचं नाही, दगड उचलायचा नाही. पावसाळ्यात बटणाची छत्री कामाला आली. खटकन उघडली की मधे भिंत उभी राहते. राजाला त्या खटक्याची सवय आधी घरात करून दिली होती, नाहीतर तोच पहिला पळाला असता.

तिघांचा क्लास

जुलैत मी दवाखान्यातली जुनी कागदपत्रं चाळली आणि असेच आणखी दोन कुत्रे काढले. एक गावठी कुत्री, एक जर्मन शेफर्ड. तिघांचे मालक आपापल्या परीने क्लास शोधत होते, आणि तिघांनाही आपलंच कुत्रं जगावेगळं वाटत होतं. रविवारी सकाळी सहाला बागेजवळच्या रस्त्यावर तिघं जमायला लागले. एका वेळी एकच कुत्रा खाली, बाकी दोन गाडीत, काचेला पडदा. समोर चालायला माझ्या मदतनिसाची म्हातारी कुत्री गंगू, जिला कोणाच्या भुंकण्याचं सोयरसुतक नाही. गंगू रस्त्याच्या त्या कडेला, राजा या कडेला, मधे चाळीस पावलं, दोघंही एकाच दिशेने. तोंडासमोर तोंड आणायचं नाही. दर आठवड्याला थोडं थोडं जवळ. पुण्याहून बाई फोनवर बघायच्या आणि मधेच ओरडायच्या, ‘दोरी ढिली सोडा, दोरी!’

दोरी ढिली सोडणं हे सगळ्यांनाच सगळ्यात अवघड गेलं. आपण ताणली की कुत्र्याला कळतं, काहीतरी आलंय.

निष्पत्ती

ऑगस्टअखेर वहीत पावलं साठावरून अठरावर आली होती. मधे नागपंचमीनंतरच्या रविवारी घरी कानबाई (आमच्या खानदेशातली देवी) बसली, भाऊबंदकीची तीस-चाळीस माणसं, वाजंत्री. राजाला दोन दिवस मामांच्या मळ्यावर ठेवलं, आणि तो परत आला तेव्हा नोंदी जागच्या जागी होत्या. दिवाळीत मात्र घसरण झाली. फटाक्यांच्या चार रात्रींनंतर आकडा चाळीसवर गेला आणि पूर्ववत व्हायला महिना लागला.

राजा आजही दुसऱ्या कुत्र्यांशी खेळत नाही. कोपऱ्यावर अचानक समोरासमोर आलं तर भुंकतो, पण वहिनींनी ‘चल मागे’ म्हटलं की वळतो. वहिनी त्याला एकट्या फिरवतात. मांडीला दात लागण्याचा प्रकार पुन्हा झालेला नाही. मुलाला हे पुरेसं वाटत नाही, त्याला राजाला मेहरूणच्या ट्रॅकवर न्यायचं होतं. अण्णांच्या वहीत १२ जानेवारी २०२५ ची नोंद अशी आहे: ‘सकाळी ५:४०. गिरणीपाशी. काळं कुत्रं, १४ पावलं. राजाने बघितलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं. पनीर घरी विसरलो होतो. बिस्किट उधार आणून दिलं.’

आज वेगळं काय केलं असतं

पिल्लू पन्नास दिवसांचं असताना मी बोललो ते वाक्य बदललं असतं. आता मी सांगतो, जमिनीवर ठेवू नका, पण कडेवर घेऊन रोज बाहेर काढा.

जानेवारीत पाच मिनिटांत मोकळा न होता रिकाम्या वेळेला परत बोलावलं असतं. दोन महिने वाचले असते, राजाचे दुखण्याचे आणि कुटुंबाचे शोधाचे. भित्र्या कुत्र्यांसाठी दुपारची वेगळी वेळ मी आता ठेवली आहे. त्या वेळेत आठवड्याला दोन-तीन तरी येतात, म्हणजे आधीही असणारच. बाहेरच्या गर्दीत ते मला नुसते ‘चावके’ दिसत होते.

मैदानावर जाण्याआधी एका रविवारी कुत्र्याला घरी ठेवून नुसतं बघायला जायला हवं होतं. फाटकापाशी उभं राहून दहा मिनिटांत कळलं असतं की दोन कुत्र्यांमधे किती जागा आहे आणि चुकलेल्या कुत्र्याचं काय होतं.

मुलाला सुरुवातीपासून कामात घ्यायला हवं होतं. सगळी वही अण्णांकडे, सगळा नकाशा वहिनींकडे, आणि त्याच्या वाट्याला फक्त पहाटेची गाडी. जी नाराजी त्याला अजून आहे, ती त्यातून आलेली आहे असं मला वाटतं. बाईंचं मत वेगळं. त्यांच्या मते त्याला मांडीचा तो दात अजून आठवतो, आणि त्याबद्दल घरात कोणी बोललंच नाही.

औषधाबद्दल मी अजून दोन्हीकडे आहे. एप्रिलमध्ये सुरू केलं असतं तर आखाजीच्या आठवड्यातला घोळ कदाचित इतका महागात पडला नसता. पण दिवाळीपुरतं तरी आधी द्यायला हवं होतं, याबद्दल मनात शंका नाही. येत्या दिवाळीच्या दीड महिना आधी अण्णांना बोलावलं आहे, वही घेऊन. डावा कानही पुन्हा बघायचा आहे; पावसाळा संपला की तो चिघळतो.